सातव्या महिन्याचं माप

सिस्टरने पिशवी काउंटरवर ठेवली आणि मास्तरांनी हातातली कात्री बाजूला ठेवली. पिशवी त्यांचीच होती. मागच्या आठवड्यात त्यांनी ती स्वतः भरून तिच्या हातात दिली होती, आणि दिलेलं काम परत आलं की शिंप्याला ते न उघडताच कळतं. नाताळ तोंडावर आलेला, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. एक आई आपल्या मुलीला नव्या फ्रॉकमध्ये कोंबून ‘श्वास घे, श्वास घे’ म्हणत होती आणि मुलगी इमानेइतबारे श्वास रोखून उभी होती. एरवी मास्तरांनी यावर काहीतरी शेरा मारला असता. मुलांची चेष्टा करत माप घ्यायची त्यांची जुनी खोड, त्या नादात मुलं हलायची विसरत. पण आज त्यांनी त्या दोघींना आपल्या कारागिराच्या गळ्यात घातलं आणि सिस्टरला आत, इस्त्रीच्या टेबलापाशी नेलं. सिस्टर त्यांच्याच चर्चमधली. मोठ्या हॉस्पिटलात, बाळंतिणींच्या वॉर्डात तिची उभी हयात गेलेली, त्यामुळे गोड बोलून वेळ घालवायची तिला सवय नव्हती. कापड सुरेख आहे, ती म्हणाली, शिवणीला तर नाव ठेवायला जागा नाही, पण मोठी झालीत, सगळीच्या सगळी.

मोठी कशी होतील, मास्तर म्हणाले, नुकत्या जन्मलेल्या बाळाचं माप आहे ते, झबली शिवण्यात माझे केस पिकले. सिस्टरने वाद घातला नाही. तिने पिशवीतून एक झबलं काढलं, उलटं केलं आणि बाजूची शिवण त्यांच्यापुढे धरली. आत बोटभर कापड जास्तीचं होतं, नीट दुमडून टाचलेलं. मास्तरांनी नेहमीसारखी माया सोडली होती. लहान मुलांचे कपडे असेच शिवतात, मूल वाढलं की आतली शिवण उसवायची आणि कापड मोकळं करायचं. हे त्यांना कुणी शिकवलं तेही आता आठवत नव्हतं, हात आपोआप तसा चाले. हे कशासाठी, मास्तर, असं सिस्टरने अगदी हळू विचारलं, आणि त्यात जाब नव्हता म्हणूनच त्यांना ते लागलं. ती झबली ज्या बाळांसाठी होती ती वाढणार नव्हती. ती मेलेलीच जन्मणार होती, किंवा जन्मून थोड्या वेळात जाणार होती, आणि मास्तरांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत असून त्यांनी प्रत्येक झबल्यात वाढायला जागा ठेवली होती. सगळ्यात वाईट ते सिस्टरने शेवटी सांगितलं. परवा एका बाळाला त्यातलं एक घातलं होतं. बाळ त्यात दिसेचना, बाह्या पार पायांपर्यंत आल्या.

“आईने बघितलं आणि मला विचारलं, हे दुसऱ्या कुणाचं आहे का?” सिस्टर म्हणाली. “आता काय सांगू मी तिला?”

त्यांच्या चर्चमध्ये एक जुनी रीत होती. आगमनकाळ लागला, म्हणजे नाताळाआधीचे ते चार रविवार सुरू झाले आणि वेदीपाशी पहिली मेणबत्ती पेटली, की प्रत्येकाने एक काम उचलायचं. पैसे द्यायचे नाहीत, काही विकत आणून द्यायचं नाही, आपल्या हाताला जे येतं तेच करायचं, आणि केलेलं कुणाला सांगायचं नाही, अगदी घरीसुद्धा. प्रभू येणार म्हणून वाट बघता ना, मग हात बांधून काय बसता, असं पाळक दरवर्षी त्याच सुरात विचारत. मग नळ दुरुस्त करणारा कुणा एकट्या बाईचा गळका नळ बसवून येई, शाळेतली बाई कुणा आंधळ्या म्हाताऱ्याला वर्तमानपत्र वाचून दाखवी, आणि सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक असूनही रविवारी सगळे आपण त्या गावचेच नाही अशा चेहऱ्याने बसत. मास्तर इतकी वर्षं अनाथाश्रमातल्या मुलांचे कपडे शिवत आले होते. यंदा सिस्टरने त्यांना चर्चच्या पायऱ्यांवरच गाठलं. आमच्याकडे जी बाळं हाती लागत नाहीत त्यांना घालायला काही नसतं, तुम्ही शिवाल का, एवढंच तिने विचारलं. मास्तर हो म्हणून गेले, कारण नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. घरी सांगायचं नाही ही अट त्या दिवशी त्यांच्या चांगलीच पथ्यावर पडली.

आता सिस्टर निघताना म्हणाली की उद्या सकाळी एक आहे. खिडकीजवळच्या खाटेवरची पोर, पहिलटकरीण, सातवा महिना, बाळाचे ठोके बंद झालेत, कळा यायचं औषध सुरू केलंय. तिला बाळ बघायचंय, हातात घ्यायचंय, तिने आधीच सांगून ठेवलंय. एक तरी नीट बसेल असं द्या मास्तर. मास्तरांनी सवयीने गळ्यातली टेप हातात घेतली आणि माप विचारलं. लांबी साधारण सांगते, सिस्टर म्हणाली, वजनही सांगते, पण खांदा, छाती, बाही, हे आमच्याकडे कोण मोजतं? लांबीवरून झबलं बेतता येत नाही हे त्यांनी तिला सांगितलं नाही. उद्या सकाळी आणतो म्हणाले. ती गेल्यावर त्यांनी इस्त्री बंद केली, मग कारागिराला दुकान सांभाळायला सांगून कपाटातलं सगळ्यात मऊ मलमल त्यांनी काखेत मारली आणि भर सीझनात दिवसाउजेडी घरी निघाले. कारागीर बघतच राहिला. मास्तर आजारी असताना देखील दुकानात येत.

रस्ता नेहमीचाच होता, तरी त्यांना दोनदा थांबावं लागलं. दुकानांच्या काचांवर कापसाचं बर्फ चिकटवलेलं, एका दारात गव्हाणीचा देखावा मांडलेला, मेंढपाळ, बैल, आई, बाप, सगळे जागच्या जागी आणि मधली गवताची जागा रिकामी, कारण बाळ तिथे नाताळच्या रात्रीच ठेवायचं असतं. ती रिकामी जागा मास्तरांना कधीच बघवत नसे. खूप वर्षांपूर्वीचे तेही असेच दिवस होते. तोही सातवा महिना होता. बायकोने सकाळी भांडी घासताना सांगितलं होतं की कालपासून हालचाल नाही, आणि त्यांनी तिला रिक्षात घालून नेलं होतं, वाटेत तिला हसवायचा प्रयत्नही केला होता, झोपाळू आहे, तुझ्यावर गेलंय, असं काहीतरी बोलून. मग वॉर्डाबाहेरचं लोखंडी बाक. फिनाइलचा वास. बाकाच्या पट्ट्यांचे वळ मांडीवर उठले होते ते अजून आठवत, पण नर्सचा चेहरा आठवत नसे. ती बाहेर आली आणि झालं म्हणाली, बघायचंय का. ते नको म्हणाले. मुलगा की मुलगी ते ती सांगायला लागली तर त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. आणि मग ते वाक्य, जे त्यांनी पुढे हजारदा मनात उलटसुलट करून तपासलं आणि दर वेळी बरोबरच होतं असं ठरवलं: तिलाही दाखवू नका, तिला सोसायचं नाही. त्या काळी सगळे हेच म्हणत. त्यांच्या आईनेही हेच सांगितलं होतं, डोळ्यांआड गेलं की मन आवरतं.

मास्तरांचा थोरला भाऊ आणि चर्चचा म्हातारा राखणदार बाळाची पेटी घेऊन कबरस्तानात गेले. मास्तर गेले नाहीत. ते दुकानात गेले. तिथे लोकांचे नाताळाचे कपडे टांगलेले होते, अर्धवट बाह्यांचे, बिनगळ्याचे, आणि लोकांना काय, त्यांना वेळेवर कपडे हवे होते. मास्तरांनी मशीनवर बसून काम संपवलं आणि त्या दिवशीची शिलाई त्यांच्या सबंध आयुष्यातली सगळ्यात सरळ आली होती. संध्याकाळी दूध घेऊन ते वॉर्डात गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. होईल पुन्हा, ते म्हणाले. पुन्हा झालं नाही. त्यानंतर दोघं एकमेकांशी फार चांगली वागली. भांडणं झाली ती मिठावरून, पंख्यावरून, तिच्या भावाच्या बढाईवरून, पण त्या गोष्टीवरून कधीच नाही, कारण ती गोष्ट घरात कधी आलीच नाही. दर आगमनकाळात चर्चमध्ये येणाऱ्या बाळाची गाणी होत, ती गळा मोकळा सोडून म्हणे, आणि तिच्या शेजारी पुस्तकाची पानं उलटताना मास्तरांना वाटे की बाई माणूस किती कणखर असतं, हिने केव्हाच विसरून टाकलं, आपणच कच्चे. आपण तिला त्या दिवशी वाचवलं म्हणून ती अशी गाऊ शकते, असंही त्यांना वाटे. या विचाराचा त्यांना मोठा आधार होता.

घरी ती नव्हती, चर्चमधल्या बायकांबरोबर झाडलोटीला गेली होती. मास्तरांनी जेवणाचं टेबल पुसून कोरडं केलं, मलमल पसरली, खडू घेतला. सहा महिन्यांच्या मुलाचं माप त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. वर्षाचं, दोन वर्षांचं, सगळं बोटांत होतं. त्याच्या खाली, नुकत्या जन्मलेल्या बाळाच्याही खाली, त्यांच्याकडे काहीच नव्हतं. त्यांनी प्रमाणात लहान करून बघितलं. ते बाहुलीचं झालं, ऐटबाज आणि खोटं. पुसून टाकलं. पुन्हा आखलं, खांदा धरला तर मुंढा, बाही जोडायची ती गोलाई, चुके, मुंढा सांभाळला तर गळा केवढा ठेवायचा कळेना, कारण मान केवढी असते हेच माहीत नव्हतं. कापडाखाली कुठलंच अंग दिसत नव्हतं. शिंप्याला कापड बेतताना समोर माणूस दिसावं लागतं, नसलं तरी डोळ्यांपुढे आणावं लागतं, आणि मास्तर जेव्हा जेव्हा डोळ्यांपुढे आणायला जात तेव्हा त्यांना फक्त स्वतःचा वर केलेला हात दिसे. उद्या ती खिडकीजवळची पोर बाळ हातात घेणार आणि ते पुन्हा कुणा दुसऱ्याच्या कपड्यांत हरवलेलं असणार. खडूने कापड पांढरट झालं. मास्तरांना रडू येत नव्हतं, आणि प्रार्थना करावी म्हटलं तर मागायचं काय, प्रभूकडे काय बाहीचं माप मागायचं?

बायको आली ती दारातच थांबली. नवरा या वेळी घरात म्हणजे काहीतरी बिघडलंय हे तिने ओळखलं, पण ती चपला काढून, हातपाय धुऊन, पदराला हात पुसतच जवळ आली. हे काय म्हणून तिने विचारलं तर कामाचं आहे, असं मास्तर म्हणाले, आणि आगमनाचं काम विचारायचं नसतं म्हणून ती पुढे काही बोलली नाही. पण पिशवी उघडीच होती. तिने वरचं झबलं उचललं, उलटं केलं, आतल्या शिवणीवरून बोट फिरवलं. दुसरं उचललं. मग तिने टेबलावरच्या त्या पुसून पुसून मळलेल्या आखणीकडे बघितलं. मास्तर खाली बघत होते. आता ही कोसळणार, असं त्यांच्या मनात आलं, आणि आपण इतकी वर्षं जपलेलं आपल्याच हाताने टेबलावर मांडून ठेवलं म्हणून त्यांनी स्वतःला शिव्या घातल्या.

“कितवा?” तिने विचारलं.

“सातवा.”

तिने खुर्ची ओढली, त्यांच्याशेजारी बसली आणि त्यांच्या हातातला खडू काढून घेतला. कापड उलटून तिने कोरी बाजू वर केली. मग डावा हात त्यावर पालथा ठेवला, बोटं जुळवून, आणि हाताच्या एका कडेला एक आणि दुसऱ्या कडेला एक अशा दोन खुणा केल्या. खांदा एवढा, ती म्हणाली. बाही माझ्या करंगळीएवढी धरा, पण सैल ठेवा, हात वाकवून घालता येत नाही. पाठ पूर्ण उघडी ठेवा, नाहीतर कुणाला घालताच यायचं नाही, आणि बटण नको, बंद लावा, कातडी फार पातळ असते, निघून येते. गिऱ्हाईक सांगतं तसं ती एकेक सांगत होती, आवाज न चढवता, आणि खडू कुठेही अडखळत नव्हता. मान इथे. पोट छातीपेक्षा थोडं मोठं. मास्तरांना आधी वाटलं की ती अंदाजाने बोलतेय. मग त्यांनी तिचा हात बघितला. तो कापडावर नव्हता, कापडाच्या किंचित वर होता, आता उताणा, खालून काहीतरी तोलून धरल्यासारखा.

“तुला कसं माहीत?”

तिने खडू खाली ठेवला.

“मी घेतलं होतं तिला,” ती म्हणाली. “मुलगी होती. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.”

मास्तरांना सगळ्यात आधी राग आला, हे खरं आहे. फसवल्यासारखं वाटलं. एवढी वर्षं मी तुला जपत होतो आणि तू, असं काहीतरी त्यांच्या घशापर्यंत आलं. ती सांगत होती की ते गेल्यावर तिने हट्टच धरला, ओरडलीसुद्धा, तेव्हा वॉर्डातल्या म्हाताऱ्या आयाने पेटी जायच्या आधी बाळ गुपचूप आणून दिलं, आणि जेवणाची गाडी येईपर्यंत ती तिच्याजवळ होती. तेव्हा मी दुकानात होतो, मास्तर म्हणाले. हो, ती म्हणाली, तुम्ही दुकानात होता. मग त्यांनी विचारलं की इतक्या वर्षांत सांगितलं का नाहीस, आणि तिने त्यांच्याकडे बघितलं, रागाने नाही, ती फार दमलेली दिसत होती. मला वाटलं तुम्हाला सोसायचं नाही, ती म्हणाली. त्यांचंच वाक्य होतं ते. दोघांनी एकमेकांना त्या एकाच वाक्याने बाहेर ठेवलं होतं, आणि मास्तरांना त्या गाण्यांच्या वेळचा तिचा मोकळा गळा आठवला आणि कळलं की तो कणखरपणा नव्हता, चर्चमध्ये मोठ्याने बाळाचं गाणं म्हणायला तिला परवानगी होती, घरात नव्हती. राग कुठे गेला कळलं नाही. तो गेल्यावर आत काहीच उरलं नाही, आणि त्या रिकाम्या जागेतून मास्तरांच्या तोंडून बाहेर आला तो शिंप्याचा प्रश्न होता.

“काय घातलं होतं तिला?”

“काही नाही,” ती म्हणाली. “टॉवेल होता हॉस्पिटलचा. एवढ्या मापाचं कुणाकडे काही नसतंच.”

त्या दिवशी आपण किती मुलांचे कपडे पुरे केले होते ते मास्तरांना आठवेना, पण रंग आठवले. तांबडा, निळा, एक पिवळा छापील, त्याला झालर होती. लोकांच्या मुली त्या झालरी घालून नाताळच्या उपासनेला मिरवल्या होत्या, आणि मास्तरांनी प्रत्येकीला बाहेर पडताना ओळखलं होतं, हा माझा, हा माझा. ते टेबलावर डोकं ठेवून रडायला लागले. म्हातारा माणूस रडतो तसे वाईट, नाकातून आवाज करत. बायकोने त्यांना थोपटलं नाही आणि गप्पही केलं नाही. ती उठली, खडूची धूळ झटकली, कात्री आणून त्यांच्या कोपराशी ठेवली आणि म्हणाली, उठा, त्या पोरीला सकाळी हवंय. मग मास्तरांनी चष्मा पुसला आणि कापलं. आखलेल्या रेघेवर कापलं. मशीन लावलं नाही, हातानेच शिवलं, ती पाठीकडचे बंद करत होती आणि ते गळ्याची कड दुमडत होते, आणि मध्येच ती त्यांच्या हातातून ते काढून घेई, तळहातावर ठेवून बघे आणि परत देई. मास्तर तिला काही विचारत नव्हते. विचारायची हिंमत त्यांना अजून होत नव्हती.

सकाळी ते वॉर्डाच्या दारापर्यंत गेले. बाक बदललेलं होतं, आता प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. सिस्टरने कागदात गुंडाळलेलं ते झबलं घेतलं, दारातच उघडून बघितलं, मास्तरांच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघितलं आणि आत गेली. मास्तर उभेच राहिले. आतून बोलण्याचा, भांड्यांचा, दुसऱ्या कुणाच्या तरी जिवंत बाळाचा आवाज येत होता आणि ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं. बऱ्याच वेळाने सिस्टर बाहेर आली. नीट बसलं मास्तर, ती म्हणाली, आईने अजून खाली ठेवलेलं नाही, आम्हीही मागितलं नाही. आणखी लागतील, याच मापाची आणि याहून लहानही. देतो म्हणाले. घरून दोघं मिळून देतो, असंही म्हणाले, आणि कुणाला सांगायचं नाही ही रीत त्यांनी त्या क्षणी मोडली ती मोडलीच.

दुकान उघडायची वेळ झाली होती, कारागीर वाट बघत असणार, सीझनचे दिवस. मास्तर घरी गेले. बायको मागच्या खोलीत कपडे वाळत घालत होती. बसलं, ते म्हणाले. तिने चादर हातात धरूनच मान हलवली. मास्तरांनी चादरीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी ती ताणून दोरीवर टाकली, कडा जुळवल्या, आणि मास्तरांनी चादरीकडे बघतच विचारलं की तू तिचं काही नाव ठेवलं होतंस का. तिने चादरीची एक सुरकुती हाताने सरळ केली. मग तिने सांगितलं. साधं नाव होतं, घरात कुणाचं नसलेलं. मास्तरांनी ते तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं, मग जरा मोठ्याने म्हटलं, दुसऱ्या खोलीतल्या माणसाला हाक मारावी तसं.

“पुन्हा म्हणा,” ती म्हणाली. “एवढी वर्षं मी एकटीच म्हणतेय.”